पापुद्र्यांचा ज्येष्ठताक्रम

उमरग्याच्या हायस्कुलात १९६१ साली काळ्या अभ्रकाच्या चुंबकीय वर्तनाचा अभ्यास चालू होता, आणि तोही वरिष्ठांच्या परवानगीविना. अभ्यास करणारे हैदर मास्तर. अभ्रकाचा तुकडा कांद्यासारखा सोलायचा, पापुद्रा रेशमाच्या धाग्याला टांगायचा आणि जवळ मोठा लोहचुंबक न्यायचा. जाड तुकडा जागचा हलत नसे. सोलत सोलत पातळ केला की तोच अभ्रक हळूच चुंबकाकडं सरके. असं का, या प्रश्नानं मास्तरांना येड लावलं होतं. पण चुंबक औरंगाबादेहून मागून आणलेला. तपासणीला येणारे आण्णासाहेब प्रसन्न झाले तरच तो शाळेत राहणार, नाहीतर अभ्यास संपला.

हेडमास्तर वीरप्पांनी तयारी जातीनं पाहिली. साहेबांसाठी टांगलेला, फुंकरीनं उडेल असा पापुद्रा बघून ते हादरलेच. व्याह्याला पातळ वरण वाढलं तर सोयरीक मोडते, आणि हा तर जिल्ह्याचा अधिकारी! मास्तरांनी शास्त्र समजावून पाहिलं.

"शास्त्र तुमचं बरोबर असंल मास्तर," वीरप्पा म्हणाले, "पण मान मानाच्या जागी."

मग हुद्द्याप्रमाणं वाटप झालं. सर्वांत जाड तुकडा साहेबांना, त्याहून जरा पातळ हेडमास्तरांना, आणि उरलासुरला पापुद्रा शिपाई गोरोबाला.

तपासणीच्या दिवशी ज्याचा त्याचा तुकडा वर्गात टांगून चुंबक जवळ नेला. साहेबांचा तुकडा ढिम्म. त्यांच्या पाठोपाठ हेडमास्तरांचाही ढिम्म. गोरोबाचा पापुद्रा मात्र गावच्या समस्त प्रतिष्ठितांसमक्ष सरकत गेला आणि चुंबकाला चिकटला. हैदर मास्तरांना आनंदानं नाचावंसं वाटलं.

आण्णासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वरिष्ठ स्थिर असताना कनिष्ठानं हालचाल करणं सेवाशिस्तीत बसत नव्हतं. गोरोबा तर कुणी विचारायच्या आधीच "म्या काय केलं न्हाय साहेब" म्हणून मोकळा झाला. साहेबांनी शांतपणे सभेला विचारलं, "काही हललेलं कुणाला दिसलं का? दिसलं असेल त्यानं हात वर करावा."

दिसलं सगळ्यांनाच होतं. आडतवाले टोपी नीट करू लागले, डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. हैदर मास्तरांनी एकदा चुंबकाकडं पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

साहेब बेहद्द खूश झाले. चुंबक शाळेला कायमचा मिळाला, वर अभ्यासाला स्वतंत्र खोली. काम एवढंच, की दर तपासणीला काहीही हलत नाही हे सिद्ध करून दाखवायचं. मास्तरांनी ते निवृत्तीपर्यंत चोख केलं.

हसा, हसायला तुमचं काय जातंय? त्या वर्गात तुम्ही बसला असता, तर तुमचा हात कुठं असता, तेवढं सांगा.