भिकननानांचा तिसरा ड्रम

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे माणसावर लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरात कोणी नाही. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "चांगलं लिही. वय झालंय त्यांचं." तेवढ्या सूचनेवर लिहितो आहे.

तर आमच्या यावलला भिकननाना केळी पिकवायच्या कोठीत उभे राहून, विलायतेतली जुनी रॉक गाणी कशी रेकॉर्ड झाली यावर व्याख्यानं देतात.

कोठी शब्बीरभाऊंची. जुनी, सिमेंटची, बिनखिडकीची. ती रिकामी असली की आत शिंकलं तरी शिंक दोनदा परत येते. नानांच्या मते मोठमोठ्या स्टुडिओत आवाज घुमवायला अशीच खोली असते, फक्त तिला केळीचा वास नसतो. एकदा शब्बीरभाऊ थंडावा बंद करायला विसरले. आम्ही श्रोते डोक्याला उपरणी गुंडाळून बसलो. शब्बीरभाऊंनी दार किलकिलं करून आत पाहिलं आणि म्हणाले, "नाना, चार दिवस असेच ठेवा यांना. पिवळे होऊन निघतील." नाना थांबले नाहीत. दुसऱ्या एका व्याख्यानात मालाची गाडी आली. अर्धे श्रोते क्रेट उतरवायला उठले आणि कोठी भरत गेली. नाना क्रेटांच्या मागून बोलत राहिले, "आता ऐका, आवाज कसा कोरडा व्हयना." आवाज कोरडा झाला, यातही त्यांना उदाहरण सापडलं होतं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत झाली, निवृत्तीनंतर यावलला आले, पण बोली तिकडचीच राहिली. स्टुडिओ त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. जे आहे ते जुन्या मासिकांतून आणि कानातून आलेलं. त्यांचं एक वाक्य आमच्या गल्लीत लहान मुलांनाही पाठ आहे : "गानं सोड, मांगलं ऐक." म्हणजे गाणारा काय गातो ते जाऊ द्या, त्याच्या मागे काय वाजतंय ते ऐका. हे ते लग्नात बँडवाल्यांनाही सांगतात. एका सप्त्यात मृदंगाचा आवाज फार जवळून येतो म्हणून त्यांनी मृदंगवाल्याला उचलून विहिरीपाशी बसवलं. महाराज मंडपात, मृदंग विहिरीवर. महाराजांनी हात केला की तो मृदंगवाल्याला दिसायचा नाही, म्हणून मध्ये एक माणूस उपरणं हलवायला उभा केला होता.

पण नानांचं खरं व्याख्यान म्हणजे तिसरा ड्रम.

वरणगावला क्वार्टरमध्ये राहत असताना त्यांनी एका साहेबांकडून एका रविवारपुरती एक तबकडी आणि ती वाजवायचं यंत्र मागून आणलं होतं. वायर जोडायची सोय नव्हती. यंत्रासमोर टेपरेकॉर्डर ठेवून, श्वास रोखून त्यांनी ती कॅसेटवर उतरवली. "घरमा टाचणी पडनी नहीं," असं ते अभिमानाने सांगतात. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, आधीच स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सांगितलं होतं. काकूंना गाण्यातलं काही कळत नसे, हेही ते तेव्हाच सांगतात.

त्या तबकडीवरच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या मागे, नेहमीचे दोन ड्रम सोडून, आणखी एक वाजतो. थप् थप् थप्, बसका आवाज. मूळ तालाशी त्याचा संबंध नाही. नानांचा सिद्धांत असा की रेकॉर्डिंग करणाऱ्याने एक वाजवणारा मुद्दाम शेजारच्या खोलीत बसवला आणि त्याला गाणं ऐकूच दिलं नाही. मध्ये तो ड्रम थांबतो, पुन्हा सुरू होतो. का थांबतो? "सिगारेट पेटाडस तो," नाना सांगतात, जणू काडी यांनीच दिली होती.

हा आवाज काढून दाखवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. उशी बडवली, युरियाची रिकामी गोणी बडवली. एकदा केळीचं खोड चपलेने बडवत होते, तेव्हा शब्बीरभाऊ म्हणाले, "नाना, त्याने काय केलंय ते तरी सांगा." आवाज काही जमला नाही.

काकू गेल्यानंतर ही व्याख्यानं सुरू झाली. माझ्या मनात कधी या दोन गोष्टी शेजारी आल्या नव्हत्या.

यंदा मी जळगावला आमच्या सरांना नानांबद्दल सांगितलं. सरांना गंमत वाटली आणि त्यांनी नानांना कॉलेजात बोलवायचं ठरवलं. सभागृह, माइक, पुष्पगुच्छ. नानांनी कोट धुवायला टाकला. सरांनी मला एवढंच सांगितलं, की कॅसेट जुनी झाली असेल, गाण्याची स्वच्छ प्रत शोधून ठेव.

मी मोबाईलवर शोधली. ऐकली. दुसरी प्रत शोधली, तीही ऐकली. तिसरा ड्रम कुठेच नव्हता.

मी शब्बीरभाऊंकडे गेलो. ते म्हणाले, "बोलू नको. इतकी वर्षं माझ्या कोठीत वाजला तो ड्रम, तू कशाला काढतो?"

"सभागृहात पोरं हसतील, भाऊ."

शब्बीरभाऊ क्रेटवर बोट घासत राहिले. "मग जेवण झाल्यावर सांग," म्हणाले.

पण मी पोचलो तेव्हा नाना जेवायचे होते. खानावळीचा डबा समोर बंदच होता. मी इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी इयरफोन त्यांच्या कानात दिले. दुसरं कडवं गेलं.

"तुन्हा फोन खराब शे."

मी दुसरी प्रत लावली. नानांनी इयरफोन माझ्या हातात ठेवले. उठले, टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट लावली. थप् थप् थप् सुरू झालं. नाना डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा हात डब्याच्या झाकणावर आपोआप पडत होता, बोटं पसरलेली, थापता थापता झाकण जरासं फिरवत. उशीतून, गोणीतून न निघालेला आवाज अगदी तसाच निघत होता. मग ड्रम थांबला. नानांचा हात उचलला गेला आणि हवेतच उलटा झाला.

"भाकर तव्यावर टाकी तिनी," नाना म्हणाले.

थोड्या वेळाने थप् थप् पुन्हा सुरू झालं.

"दार लावाले सांगेल व्हतं तिले. लावं नहीं तिनी."

कॅसेट संपेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. डबा तसाच होता. सरांना काय सांगू, असं मी विचारलं. कॅसेट मागे घेत त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट केलं.

"यामा गानं कमी करता येस का रे? सगळं गानं. मांगलं तेवढं राहू दे."