प्रोफेसर देउळकरांचा बैल

प्रोफेसर देउळकरांकडे चहाला गेलं की ते आधी तुमचा हात मागत. हात पुढे केला की खांद्यावरचा पंचा त्यावर टाकत, पंच्याखाली तुमची बोटं धरत आणि चेहरा अगदी कोरा ठेवून दोन बोटं दाबत. याचा अर्थ, दोन चमचे साखर चालेल का? आपण उलट एक बोट दाबायचं. मग ते दीडावर यायचे. तोंडानं मात्र गप्पा हवापाण्याच्या. "यंदा ऊन फार आहे, वकीलसाहेब." साखर ठरेपर्यंत आधण आटून जायचं. एक विमा एजंट तर हात सोडवून घेऊन चहा न पिताच पळाला आणि पुन्हा गल्लीत फिरकला नाही.

अकोल्यात आमची घरं समोरासमोर होती. मी नवा वकील, त्यामुळे अशील कमी आणि वेळ भरपूर. देउळकर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात डॉक्टरेट करत, असं ते सांगत. खरं म्हणजे उरलेल्या वेळात ते कॉलेजात शिकवत. घराणं भिक्षुकांचं, चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. आई होती तोवर ती स्थळं आणत असे. ती गेली आणि तो विषय बंद झाला.

प्रबंधाचा विषय होता 'वऱ्हाडच्या बैलबाजारातील किंमतनिर्मिती'. आता बैलबाजारात कोणी भाव तोंडानं बोलत नाही. दलाल उपरण्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा, आणि सगळा सौदा बोटं दाबून होतो. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा तिघांपलीकडे जात नाही. म्हणजे प्रोफेसरांचं अख्खं संशोधन एका उपरण्याखाली झाकलेलं! पण हा माणूस हरणारा नव्हता. आधी त्यांनी लोकांच्या कोपराच्या हालचालीवरून भाव ताडायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा एका आठवडी बाजारात सौदा रंगात आलेला असताना त्यांनी सरळ वाकून उपरण्याखाली डोकं घातलं.

मोठा गिल्ला झाला. रहीमभाई दलाल मधे पडला म्हणून निभावलं. "गुरुजी," तो म्हणाला, "आत हात घालाचा असते. डोकं नोको घालू."

हे ऐकून अमरावतीचे त्यांचे गाइड खो खो हसले आणि म्हणाले, "आत शिरायचं तर गिऱ्हाईक होऊन शिरा." गाइड थट्टेनं बोलले होते. प्रोफेसरांना थट्टा कळत नसे. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बैल विकत घेतला.

काय दिवस होता तो! गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला म्हणून मी धावत बाहेर आलो. पुढे प्रोफेसर, कोटाच्या खिशात फाउंटन पेन, हातात कासरा. मागे एक पांढराशुभ्र, देखणा बैल. आणि त्याच्या मागे निम्मं अकोला. "मिळाला, वकीलसाहेब!" ते लांबूनच ओरडले, "पहिला खरा आकडा मिळाला! माझ्या स्वतःच्या बोटांवर मिळाला!"

"पण एकच बैल?" मी विचारलं. "लोक जोडी घेतात."

"त्यांना नांगरायचं असतं. संशोधनाला एक पुरतो."

बैलाचं नाव त्यांनी ठेवलं 'नमुना'. अभ्यासासाठी घेतलेली वस्तू, तिला दुसरं काय म्हणायचं, असा त्यांचा हिशेब. नमुना सायकलच्या छपरीत राहू लागला. त्याला खायला काय घालायचं इथपासून सुरुवात होती. प्रोफेसरांनी पहिल्या दिवशी पोळीभाजीचं ताट वाढून पुढे ठेवलं होतं. माझी बायको अकोटकडच्या शेतकऱ्याची लेक. तिला ते बघवेना.

"भाऊजी, त्याले कुटार लागते, सरकी लागते. अन सरकी भिजू घालत जा रात्री. तुमच्या पोथीत नाही काय हे?"

प्रोफेसरांनी ते लगेच टिपून घेतलं. डासांचे दिवस आले तेव्हा त्यांनी छपरीत मच्छरदाणी बांधली. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून नमुन्याला मिरवत नेलं आणि पुरणपोळी भरवली. मी चिडवलं, तर म्हणाले, "भावना बाजूला, वकीलसाहेब! मालाची निगा राखली तर किंमत टिकते." 'भावना बाजूला' हे त्यांचं पालुपद होतं. गल्लीत कोणी मेलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा पोरगा मॅट्रिकला गचकला, प्रत्येक वेळी प्रोफेसर बोट वर करत, "भावना बाजूला!" आणि मग त्यातलं अर्थशास्त्र सांगत.

त्यांचा एक नियमही तयार झाला होता. विकणारा कितीही आढेवेढे घेवो, शेवटी जो जास्त बोटं दाबतो त्यालाच तो जनावर देतो. सगळा प्रबंध या नियमावर उभा होता. गाइड खूश होते. पण एक अडचण निघाली. "देउळकर, घेणाऱ्याची बाजू तुम्ही हातानं पाहिलीत. विकणाऱ्याची कुठे पाहिलीत?" त्यात मुदत संपत आलेली. दोनदा वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. दसऱ्याच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर एवढ्या वर्षांची धावपळ पाण्यात.

म्हणजे नमुन्याला विकणं आलं.

त्या शुक्रवारी प्रोफेसरांनी त्याला स्वतः आंघोळ घातली. आम्ही तिघं बाजारात गेलो. मी, ते आणि नमुना. वाटेत ते एवढे बोलत होते की माझे कान दुखतील की काय असं वाटलं. आज शेवटचा आकडा! आज नियम सिद्ध! दिवाळीपर्यंत डॉक्टर देउळकर! मलाही हुरूप आला होता. गल्लीत पेढे कोणाकडून आणायचे तेसुद्धा मी ठरवून टाकलं.

बाजारात बैल उभा केला आणि गर्दी जमली. दोन गिऱ्हाइकं शेवटपर्यंत टिकली. एक मोठा व्यापारी, मालमोटार घेऊन आलेला. त्यानं नमुन्याचे दात बघितले, पाठीवर एक चापट मारली आणि घड्याळ पाहिलं. दुसरा तेल्हाऱ्याकडचा एक शेतकरी, जोडीतला एक बैल गमावलेला. तो नमुन्याभोवती सावकाश फिरला, त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्याले काय आवडते?"

एवढ्या बाजारात हा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रोफेसर एकदम फुलले. "सरकी! पण भिजवलेली बरं का, कोरडी घातली तर नुसता हुंगतो. आणि इथं, गळ्याखाली खाजवलेलं आवडतं. विजा कडाडल्या की बिचकतो, तेव्हा जवळ उभं राहावं लागतं."

"राहू ना जी," तो म्हणाला.

रहीमभाईनं उपरणं टाकलं. व्यापाऱ्याचा हात, प्रोफेसरांचा हात, शेतकऱ्याचा हात, पुन्हा प्रोफेसरांचा. मी रहीमभाईच्या तोंडाकडे बघत होतो. एरवी त्याचा चेहरा दगडासारखा असायचा. आज त्याच्या भुवया वर वर चालल्या होत्या. अखेर त्यानं उपरणं झटकलं, नमुन्याचा कासरा तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून कपाळावर हात मारला.

"या अल्ला! वकीलसाब, असा विकनारा म्या जिंदगीत नाई पायला. व्यापारी वर चढून राह्यला, अन हे गुरुजी खाली उतरून राह्यले!"

 

रविवारी ते गाइडना भेटायला अमरावतीला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले ते थेट आमच्या ओसरीवर. डोळे नुसते चमकत होते. "वकीलसाहेब, वहिनी, नियम मोडला! माझाच नियम, माझ्याच हातानं! विकणारा नुसता भाव बघत नाही, माणूस बघतो. एक सबंध नवं प्रकरण आहे यात! आता सगळे बाजार पुन्हा फिरायचे, अकोट, तेल्हारा, कौंडण्यपूरची जत्रा, आणि विकणाऱ्यांना विचारायचं, कोणाला दिलं, का दिलं!"

"आणि मुदत?" मी विचारलं.

"ती गेली. गाइड म्हणाले, तुमची स्वतःची विक्री गाळून टाका आणि मंगळवारी प्रबंध देऊन मोकळे व्हा. मी नाही म्हटलं. आता नव्यानं नाव नोंदवायचं."

मला संताप आला. त्या माणसावर नाही, त्याच्या वाया गेलेल्या वर्षांवर. "एक विक्री हो, प्रोफेसर! एका बैलाची! गाळली असती तर काय बिघडत होतं?"

"गाळली असती तर," ते म्हणाले, "मी त्याला कोणालाही देऊन टाकला असता, असं झालं असतं."

 मग त्यांनी पुन्हा उत्साहानं सुरुवात केली. पुढच्या शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं ते तेल्हाऱ्याला निघणार होते. व्यवहारानंतर जनावराची स्थिती काय राहते, हाही अभ्यासाचा भाग आहे म्हणे.

"सरळ सांगा ना, भाऊजी," बायको म्हणाली. "त्याले भेटाले जाऊन राह्यलो म्हना."

प्रोफेसर हसले. पंच्यानं तोंड पुसलं आणि थोडा वेळ समोरच्या आपल्या रिकाम्या छपरीकडे बघत राहिले.

"कॉलेजातून आलो की मी फाटकाशी सायकलची घंटी वाजवायचो," ते म्हणाले. "तो रवंथ थांबवून मान वर करायचा. आई गेल्यापासून, वहिनी, मी घरी आलो हे त्या घरात कोणाला कळत नव्हतं."

बायको उठून आत गेली. तिनं चहा टाकला, आणि साखर किती हे विचारायला बाहेर आली नाही.