टाकी भरल्याची किंकाळी

"आजपासून या अंगणात पाण्याचा एक थेंब सांडला, तर माझं नाव ओफोसू मिंता नाही!"

घानातल्या कुमासी शहरात, त्या भाडेकरूंनी गच्च भरलेल्या घरात ओफोसूने ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या हातात साबणाची डबी होती आणि डबीतून बझर डोकावत होता. नळाला पाणी आठवड्यातून एकदाच यायचं. ते पंपाने वरच्या टाकीत चढवायचं, आणि पंपाच्या खोक्याची किल्ली ओफोसूकडे. किल्ली म्हणजे अंगणातलं मंत्रिपदच! पण गेल्या खेपेला टाकी वाहिली आणि घरमालकीण मामे दुफिए हिचे वाळत घातलेले कसावा कंदाचे काप गटारात पोहत गेले.

"पुन्हा घोळ घातलास की किल्ली डोंकोरकडे," मामेने बजावलं होतं. डोंकोर समोरच्या खोलीत राहायचा, ट्रोट्रो, म्हणजे वडापची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात ओफोसूला हसायचा.

म्हणून टाकी भरली की ओरडणारं हे यंत्र. त्यासाठी ओफोसूने विजेचे सुटे भाग जोडायचा कोरा बोर्ड आणला होता. चाळणीसारखी भोकं, पाठीवर तांब्याच्या लांबच लांब पट्ट्या. सोबतच्या आकृतीत लिहिलं होतं, 'खुणेच्या जागी पट्टी सुरीने तोडा.'

"तोडा?" ओफोसू भडकला होता. "नव्याकोऱ्या वस्तूवर सुरी? नव्या सदऱ्याला कुणी कात्री लावतं का?"

"लिहिलंय ना, मग तोडा की," त्याची बायको पोकुआ म्हणाली.

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? बोर्ड माझा आहे!"

एकही पट्टी न तोडता त्याने कथलाचे डाग देऊन सगळे भाग जोडले. तारांची टोकं बादलीत बुडवून बॅटरी जोडली. बझरने किंकाळी फोडली. झाली चाचणी! तारा कोरड्या असताना यंत्र काय करतं, हे बघायचं तेवढं राहिलं.

आता पाणी आलं. ओफोसूने तारा टाकीत सोडल्या, पंप सुरू केला, बॅटरी जोडली. यंत्र किंचाळलं.

"भरली!" ओफोसूने पंप बंद करून खोक्याला कुलूप ठोकलं.

"एवढ्यात?" डोंकोर म्हणाला. "टाकी आहे की बाटली?"

"यंत्राला कळतं! तू गाडी चालव!"

तेवढ्यात न्हाणीघरातून मामेची आरोळी आली. "ओफोसू! डोळ्यांत साबण गेलाय आणि नळ कोरडा ठाक!"

"नळ बिघडला असेल, मामे! टाकी काठोकाठ आहे!"

"मग पाणी कुठं मेलंय?"

"ते नळाला विचारा! माझ्या यंत्रावर आळ घेऊ नका!"

भाडेकरू रिकाम्या बादल्या वाजवू लागले. ओफोसू एकेकाला शास्त्र समजावू लागला, तेही बझरच्या वर आवाज चढवून. शेवटी डोंकोर शिडीवर चढला, टाकीत डोकं घालून ओरडला, "ओफोसू!" टाकीने ते नाव घुमवून परत केलं.

"आत कुणी नाही!" डोंकोर वरून म्हणाला. "पाणीसुद्धा नाही!"

ओफोसू पंपाकडे धावला. कुलूप उघडेपर्यंत खालच्या नळाने उचकी दिली आणि हवा सोडली. या आठवड्याचं पाणी संपलं!

त्याने तारा ओढून काढल्या, सदऱ्याला खसाखसा पुसल्या. यंत्र किंचाळतच होतं. बोर्ड उलटा केला. तांब्याच्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड! वीज पाण्याला न विचारता सरळ बझरपर्यंत चालली होती.

"तोडा म्हणून एवढ्याशा अक्षरांत लिहितात!" ओफोसू कडाडला. "असं लिहिलेलं कुणी खरं मानतं का?"

अंगावर साबण वाळलेली मामे समोर उभी राहिली. तिने हात पुढे केला. किल्ली ओफोसूच्या खिशातून तिच्या हातात आणि तिथून डोंकोरच्या खिशात गेली. मग तिने डबीकडे बोट दाखवलं.

"पाणी नसलं तरी रडतं हे?"

"हो, पण—"

"थांबतं कधी?"

"बॅटरी संपेपर्यंत नाही. पण मामे, तत्त्व बरोबर—"

"तत्त्व असू दे. शनिवारी माझ्या मामाचा अंत्यविधी आहे आणि भाचेसुना सगळ्या ठणठणीत कोरड्या डोळ्यांच्या. घेऊन ये याला."

"मामे! हे टाकीचं यंत्र आहे! हे विज्ञान आहे!"

"असेल," मामे न्हाणीघराकडे वळत म्हणाली. "पण काळ्या कापडात गुंडाळून आण. अंत्यविधीला काळं नसलं की माणसं नावं ठेवतात."