मोईनभाईचं बेसिन

आमच्या गल्लीतल्या मोईनभाईच्या फोटो स्टुडिओत शिरलं की कॅमेरा नंतर दिसतो, आधी बेसिन दिसतं. काठाला टवका उडालेलं पांढरं बेसिन, वर आरसा, बाजूला साबणाची वडी आणि खुंटीला पंचा. गिऱ्हाईक आत आलं की हा माणूस या-बसा म्हणत नाही. चष्मा कपाळावर सरकवतो, तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "धुऊन या."

फोटो पासपोर्टचा असो, नोकरीचा असो, स्थळासाठीचा असो, आधी धुऊन या. एकदा एका पुढाऱ्याच्या सुनेला असंच म्हणाला. ती तिथूनच नवऱ्याला फोन लावायला लागली, तर हा म्हणाला, "त्यांना बी बोलवा. ते बी पावडर लावतेत."

आता तुम्ही विचाराल, यात माझं काय गेलं? सांगते. माझं दुकान बरोबर त्याच्या समोर आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, लिपस्टिक आणि फाउंडेशन. मुली माझ्याकडून फाउंडेशन घेतात, माझ्याच आरशात बघून लावतात, दहा पावलं चालून समोर जातात आणि हा माणूस ते नळाखाली वाहून घालवतो. वर त्याच मुली ओल्या तोंडानं परत येऊन मला म्हणतात, काकू, ही बाटली परत घ्या ना, चाचा लावू देत नाहीत.

मी नायगावच्या बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगी मांडीवर होती. तिथून नांदेडला आले, या गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावली, हातगाडीवरून दुकानात आले. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मी कोणाकडून सांगितल्या भावात काही घेतलं नाही. हैदराबादचा घाऊक व्यापारी मला बघितलं की आधी पाणी पितो. अशा बाईचं गिऱ्हाईक एक बेसिन खाऊन बसतं, तर डोकं फिरणार नाही?

मी भांडायला गेले, एकदा नाही, वीस वेळा गेले. म्हटलं, "भाई, तुमचं काम फोटो काढायचं. तोंड धुवायचं न्हाई."

तो लेन्स पुसत म्हणाला, "ताई, चुना भिंतीला लावतेत. चेहऱ्याला न्हाई."

हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे. दिवसातून पाच-सहा वेळा माझ्या दुकानापर्यंत ऐकू येतं. ऐकलं की माझ्या कानशिलाची शीर उडते.

तसा तो अगदीच निर्दय नाही. तोंड धुतल्यावर एखादी मुलगी रडकुंडीला आली, की तो बेसिनच्या फळीवरची एक छोटी ट्यूब काढतो. हलकी क्रीम असते, कातडीच्या रंगाची झाक असलेली. आमच्या धंद्यात तिला बीबी क्रीम म्हणतात. हा माणूस मुलीला बाहेर ओट्यावर उजेडात उभं करतो, हरभऱ्याच्या डाळीएवढी क्रीम तिच्या बोटावर देतो आणि सांगतो, "पसरव. दिसली न्हाई पाहिजे. दिसली तर जास्त झाली." मुलगी ती कपाळाला, गालाला चोळते, डोळ्यांखालचं काळं जरा निवळतं, बाकी तोंड जसंच्या तसं राहतं. तीळ असेल तर तीळ दिसतो, कांजिण्यांचा वण असेल तर वण दिसतो. मग तो तिला स्टुलावर बसवतो. हसा म्हणत नाही. विचारतो, "सकाळी भाजी कोणती केली घरी?" मुलगी आठवायला लागते आणि तेवढ्यात तो बटण दाबतो. त्याच्याकडच्या निम्म्या फोटोंत माणसं मेथी नाही तर वांगी आठवत बसलेली आहेत.

मोबाइलवरचे गुळगुळीत फोटो कोणी दाखवले तर तो अगदी साळसूदपणे विचारतो, "बहीण का तुमची?" आधार कार्डावरच्या फोटोंवर मात्र त्याची श्रद्धा आहे. म्हणतो, त्यांना बिचाऱ्यांना खोटं बोलायला वेळच न्हाई.

आणि ही ट्यूब तो माझ्याकडून घेत नाही, लातूरहून मागवतो! समोर दुकान असताना लातूरहून! खरं सांगायचं तर पहिल्यांदा तो माझ्याकडेच आला होता. मी म्हटलं, त्या चिमुकल्या ट्यूबमध्ये मला काय सुटणार, बोटभर लावली की महिना जातो. फाउंडेशन घ्या, आठ दिवसांत बाटली संपते. त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि गेला. तो राग मी अजून सोडलेला नाही. त्याच्याशी घासाघीसही करता येत नाही. फोटोचा भाव एकच, कमी-जास्त नाही. असल्या माणसाशी कोणी बोलायचं कसं?

त्याची बायको मात्र माझ्या जातकुळीची होती. माझी हातगाडी होती तेव्हा बांगड्या भरायला यायची. भावात मला हरवणारी अख्ख्या नांदेडात ती एकटी. भाव पटला नाही की बोलायची नाही, गालावर एक बोट टेकवून, मान तिरकी करून गप्प उभी राहायची. त्या बोटापुढे मी तीन-तीनदा उतरायची. लग्नाला चारच वर्षं झाली होती, तापाचं निमित्त झालं आणि गेली. मोईनभाईनं दुसरं लग्न केलं नाही. पुढं केव्हातरी त्यानं ते बेसिन बसवलं.

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण खरं भांडण तिथं झालं.

शीतल विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकली, नोकरीला लागली. हुशार आहे, माझ्यासारखी फटकळ आहे आणि माझ्यासारखीच काळी आहे. तिच्या स्थळासाठीचा पहिला फोटो मी दुसऱ्या एका स्टुडिओत काढून घेतला. तिथं पोरीला आधी तासभर रंगवतात. फोटोत शीतल अशी उजळली की मीच क्षणभर ओळखली नाही. फोटो बघून उदगीरचे लोक आले. चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या मावशीनं शीतलकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही मोठी का? जिचा फोटो धाडला तिला बोलवा की." घरात दुसरी मुलगी नाही. मी कप गोळा करून आत गेले, आणि ओट्यावर पहिल्यांदा माझ्या हातून कप फुटला. देगलूरचे लोक आले तेव्हा निदान तोंडावर काही बोलले नाहीत, फोनवर कळवलं.

तिसरं स्थळ लातूरचं आलं, मूळ शिरूर अनंतपाळचे लोक. रविवारी येणार होते, त्याआधी फोटो मागितला होता. माझी सगळी भिस्त या स्थळावर होती. मी दुकानातली सगळ्यात महागडी बाटली काढून ठेवली, शीतलला म्हटलं, या वेळी मानेलासुद्धा लाव, म्हणजे रंगात फरक दिसायचा नाही. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. संध्याकाळी दुकानात आली आणि माझ्यापुढे एक पाकीट टाकलं.

आतल्या फोटोत शीतल होती. तोंड धुतलेली, जेमतेम क्रीम लावलेली, काळी, कपाळावर लहानपणी पडल्याची खूण, आणि नजर अशी की बहुतेक दोडक्याची भाजी आठवत असावी.

"हाच धाडला मी त्यांना," ती म्हणाली. "आता तिसऱ्यांदा माझीच मोठी बहीण व्हायचं न्हाई मला."

ती तिथून निघून गेली. मी शटर अर्धं ओढलं आणि रस्ता ओलांडला. त्या दिवशी मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहीत नाही. पोरीचं लग्न मोडलं तर तुमच्या बेसिनमध्ये तुमचाच कॅमेरा बुडवीन, इथपर्यंत गेले. तुम्हाला ना लेक ना सून, तुम्हाला काय कळणार, हेही बोलून गेले. ते बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं.

मोईनभाईनं कॅमेऱ्यावर कापड टाकलं. पडद्यामागे, त्याच्या कामाच्या खोलीत गेला आणि हाक मारली, "ताई, आत या जरा."

टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्यामागे भिंतीला एक फ्रेम टेकवून ठेवली होती. नवरीचा फोटो होता. चेहरा पिठासारखा पांढरा, सपाट, ओठ लाल, डोळे कोरलेले. मी विचारलं, "कोण ही?"

"माझी बायको," तो म्हणाला.

मी पुन्हा बघितलं. जी बाई माझ्यापुढे शेकडो वेळा उभी राहिली, तिला मी ओळखलं नव्हतं.

मग तो सांगत गेला, आवाज न चढवता. लग्नाचा फोटो त्याच्या उस्तादांनी काढला. हा तेव्हा नवा रिटचिंग शिकला होता, म्हणजे फोटोवरचे डाग, वण बारीक ब्रशनं रंग भरून घालवायचे. बायकोच्या गालावर तीळ होता. मेकअपवालीनं थापलेल्या थरातूनही तो पुसटसा दिसत होता. यानं हौसेनं ब्रश घेतला आणि तो तीळ घालवला. घरच्यांना फोटो दाखवला, सगळ्यांनी वाहवा केली. ती तेवढी म्हणाली, हे मी न्हाईच. मग दुसरा काढू, स्टुडिओ काय आपलाच हाय, असं तो म्हणाला. आज काढू, उद्या काढू करत चार वर्षं गेली.

"लोकांचे लई काढले," तो म्हणाला. "तिचा हा एकच हाय. अन् ह्यात ती न्हाई."

तो फ्रेमकडे बघत हळूच म्हणाला, "दिवसभर लोकांचे चेहरे बघतो, ताई. पण तीळ डाव्या गालावर व्हता का उजव्या, मला आता खात्रीनं सांगता येत न्हाई. तिचे भाऊ बी दोन तोंडानं सांगतेत."

मी म्हटलं, "डाव्या."

त्यानं मान वर केली.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून न्हाई सांगत," मी म्हटलं. "बांगड्या भरताना गिऱ्हाइकाचा आधी उजवा हात माझ्या हातात असतो. भाव करायची तेव्हा तिचा उजवा हात मीच धरलेला असायचा. मोकळा डावा. डाव्या हाताचं बोट ती डाव्या गालावर ठेवायची. तिळावर. ओठाच्या वर, नाकाच्या जरा बाहेर. चार वर्षं त्या बोटानं मला लुटलंय, मी विसरीन?"

त्यानं टेबलाचा खण उघडला. कॉम्प्युटर आल्यापासून न लागलेला एक बारीक ब्रश आणि रंगाची डबी काढली, बोट ओलं करून रंग भिजवला. फ्रेम उघडली नाही. ब्रशाच्या हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

"फोटोत ती बाजू उजवीकडं येईल, भाई," मी म्हटलं.

"मला शिकवता का, ताई," तो म्हणाला, आणि काचेवर एक ठिपका ठेवला.

पांढऱ्या सपाट चेहऱ्यावर तो एवढासा ठिपका पडला आणि ती बाई मला भाव करताना दिसली. मी पडदा सारून बाहेर आले. येताना शीतलच्या फोटोचे किती झाले विचारलं, त्यानं आतूनच सांगितले, मी तेवढे काउंटरवर ठेवले. घरी गेल्यावर स्वतःचाच राग आला, निदान विचारायला तरी हवं होतं कमी होतील का म्हणून.

रविवारी लातूरचे लोक आले. शीतल फाटकाशी गाडी लावत होती. मुलाच्या आईनं रिक्षातून उतरता उतरताच तिला हाक मारली, "शीतल ना तू?" पुढचं त्यांचं त्यांचं चाललंय, फोनवर बोलतात, मला कोणी काही सांगत नाही.

मोईनभाई होता तसाच आहे. अजून माझी गिऱ्हाइकं धुऊन काढतो. मी ती क्रीम ठेवायला लागले तर म्हणतो, लातूरला स्वस्त मिळते. कालच माझं त्याच्याशी भांडण झालं. फक्त ती फ्रेम आता त्यानं बाहेर काउंटरवर आणून ठेवली आहे. दुपारी गल्लीत गिऱ्हाईक नसलं की माझ्या गल्ल्यावरून मला दिसतं, तो पंचा ओला करून तिची काच पुसत असतो. रस्त्याची धूळ बसते ना, रोज पुसावी लागते. सगळी काच लख्ख करतो. डाव्या गालावरची तेवढी नखाएवढी जागा मात्र सोडून देतो, तिथं धूळ साचली तरी.