लव्हाळीची पीएचडी आणि आटता डोह

एका जंगलात, बाळांनो, सिंहाला संशोधनाचं खूळ लागलं. शेजारच्या जंगलातल्या वाघाने विज्ञान संस्था काढली होती ना! मग हे बरे मागे राहतील? लगेच दवंडी पिटली, "आपला डोह आटतोय. का आटतोय ते शोधा, पीएचडी देऊ. संशोधन चालेल तोवर रोज टोपलीभर मासेही देऊ."

लव्हाळी नावाच्या पाणमांजरीने अर्ज केला. तिचं घरच त्या डोहात. म्हातारी आई रोज म्हणायची, "लव्हे, पाणी गुडघ्यावर आलं गं. आता जायचं कुठं आपण?"

लव्हाळीची निवड झाली. मार्गदर्शक मिळाले बगळेसर. एका पायावर उभं राहून डोळे मिटण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता.

लव्हाळी हुशार, पण व्यवहारात अगदीच कच्ची. सकाळी ओढ्याने वर पोहत गेली आणि दुपारच्या आत परत आली.

"सर, सापडलं! वर ओढ्यात ओंडका आडवा पडलाय. सगळं पाणी पलीकडच्या दरीत चाललंय. काढू या?"

बगळेसरांनी डोळे उघडले. "हे आधी कुणी म्हटलंय?"

"नाही, सर."

"मग तू कोण लागून गेलीस म्हणणारी?"

"आणि कुणी म्हटलं असतं तर?"

"मग त्यात नवीन ते काय? आणि खबरदार, ओंडका हलवलास तर! अभ्यास कशाचा करशील मग?"

झालं. लव्हाळी ओंडका मोजत बसली. उन्हात मोजला, ओला असताना मोजला. मधल्या वेळात सरांच्या घरट्याला काड्या आणल्या, सरांची पिल्लं सांभाळली. हसू नका रे, मार्गदर्शनाची रीतच असते ती.

डोह आटला तसे मासे चिखलात उघडे पडले. टोपली शिगोशीग भरू लागली. सिंह खूश! "संशोधन सुरू झालं आणि मासे वाढले," म्हणाला. सरांना शाल मिळाली.

एके दुपारी लव्हाळीला आई चिखलात रुतलेली दिसली. तिला धड हाकही मारवत नव्हती. लव्हाळीला रडू कोसळलं. स्वतःचीच चीड आली.

"खड्ड्यात गेली पीएचडी!"

तिने मावश्या-माम्या गोळा केल्या. सगळ्यांनी ओंडक्याखालची माती उकरली आणि खांदा लावला. ओंडका गडगडत गेला. धो धो पाणी आलं.

बगळेसरांनी कपाळ बडवलं. "सत्यानाश! प्रबंध तोंडावर आला आणि हिने प्रश्नच सोडवून ठेवला!"

प्रश्न उरला नाही म्हणून विषय रद्द झाला. विषयाबरोबर लव्हाळीही रद्द झाली, टोपली बंद झाली. बगळेसर मात्र वाघाच्या जंगलात व्याख्यानाला गेले. विषय होता, 'मी डोह कसा भरला'.

इकडे आई भरल्या डोहात उताणी तरंगत होती. म्हणाली, "सगळं खरं गं लव्हे. पण नावापुढे डॉक्टर लागलं असतं, तर चारचौघांत बरं दिसलं असतं."

तात्पर्य : हाती लागलेला प्रश्न लगेच सोडवू नये. आधी पदवी घ्यावी. तोवर आईला जरा कळ काढायला सांगावं.