एकोणीस पावलांवरची विहीर

साल १९७२. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या विल्बर फोंगच्या मुलीने, डार्लीनने, रसायनशास्त्राच्या पदवीला ‘वांशिक अभ्यास’ हा जोडविषय घेतला. तेव्हा घरात कोणीच घाबरले नाही. आई एवढेच म्हणाली, “आपण चिनी आहोत हे शिकायला कॉलेजात कशाला जायचं? घरात आरसा आहे की!”

पहिलाच गृहपाठ आला : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची मुलाखत टेपवर घ्या.

डार्लीनने आजोबांपुढे यंत्र ठेवले. लाल दिवा लागला तशी आजोबांनी कोटाची सगळी बटणे लावली.

“आजोबा, लहानपणी काय खेळायचात?”

“विहीर घरापासून एकोणीस पावलांवर.”

“अहो, खेळ विचारतेय!”

“तांदळाची कोठी आतल्या खोलीत. डाव्या हाताला.”

“बरं, आजी कशी भेटली?”

“कुत्रा एक. काळा. शेपूट अर्धी.”

म्हातारपणी असे होतेच, असे समजून तिने सोमवारी टेप देऊन टाकली. संध्याकाळी हे ऐकताच आईच्या हातातला झारा खाली पडला. मग डार्लीनला, वयाच्या विसाव्या वर्षी, कळले की आजोबा फोंग नाहीतच. ते मॉय. तेव्हा चिनी माणसांना अमेरिकेत यायला बंदी होती, फक्त इथल्या नागरिकांच्या मुलांना सोडत. १९२१ साली विकत घेतलेल्या कागदावर, कुणा फोंगचा मुलगा म्हणून ते इथे उतरले. असे खोटे मुलगे पकडायला बंदरावरचे अधिकारी घरादाराचे बारीक प्रश्न विचारत. कागदाबरोबर मिळालेली, त्या प्रश्नांच्या उत्तरांची वही आजोबांनी बोटीवर पाठ केली आणि समुद्रात टाकली. त्यानंतर एकावन्न वर्षे, कोणीही काहीही विचारले तरी तीच उत्तरे.

विल्बर आपल्या कोंबड्यांच्या दुकानातून धावत आला तो कोंबडी हातात तशीच धरून. “कॉलेज सरकारी, यंत्र सरकारी! आता बाबांना परत पाठवतील!”

“आणि तुम्ही कोणाचे चिरंजीव?” आईने विचारले. विल्बर कोंबडीसकट खाली बसला.

आजोबा तीन दिवस दाराजवळच्या खुर्चीवर पेटी घेऊन बसून होते. पेटीत गरम विजारी आणि वाळवलेले सॉसेज. चौथ्या दिवशी प्राध्यापकांची चिठ्ठी आली : आजोबांना घेऊन भेटा.

सगळे गेले. पेटीही गेली. प्राध्यापक कॅल्विन फोंग वर्गात “मोकळेपणाने बोला” असे शिकवत. त्यांनी बाहेर डोकावून पाहिले, दार लावले, कडी घातली.

“विहीर एकोणीस पावलांवर?”

“हो,” आजोबा ताठ बसले.

“कोठी डाव्या हाताला?”

“कुत्रा कोणता ते सांग आधी!” आजोबा ओरडले.

“काळा. अर्ध्या शेपटीचा,” प्राध्यापक कुजबुजले. “माझे बाबाही रोज हेच सांगतात. कोणाला बोलू नका हो, माझी नोकरी जाईल!”

एकाच माणसाने आजोबांना आणि प्राध्यापकांच्या बाबांना एकाच फोंगचे मुलगे म्हणून कागद विकले होते. आजोबांनी पेटी खाली ठेवली. “म्हणजे तू माझा पुतण्या. मुलीला पास कर.”

“कशी करू काका? ही टेप जशीच्या तशी आमच्या घरची आहे. दुसरी आणा. खरी.”

डार्लीनने पुढे औषधांचे दुकान काढले. विल्बर शेवटपर्यंत कोंबड्या विकत राहिला. प्राध्यापक विभागप्रमुख झाले, तरी दाराला कडी घालायची सवय काही सुटली नाही. आजोबा १९८१ साली गेले. त्यांच्या थडग्यावर इंग्रजीत फोंग आहे, चिनीत मॉय.

दुसरी टेप डार्लीनकडे अजून आहे. तिच्यात आजोबा म्हणतात, “कुत्रा आमच्याकडे कधीच नव्हता. पण इतकी वर्षं सांगून सांगून आता त्याची आठवण येते गं.”