चार वाट्या आणि जयंतीचा मठ्ठा

दही कसं लागतं हे बायकांना सवयीनं कळतं, पण सिद्ध करून दाखवायला लॅबमधलाच माणूस लागतो, असं नरेशचं ठाम मत होतं! तो पोलाद कारखान्यात लोखंडाचे नमुने तपासायचा. दही म्हणजे काय मोठी गोष्ट!

भीमजयंतीच्या मिरवणुकीनंतर अख्खं स्मृति नगर त्याच्या बायकोच्या, मोनालीच्या हातचा मठ्ठा प्यायचं. पण गेल्या वर्षी दही नीट लागलं नव्हतं. बिचारी वर्षभर हळहळत होती.

"कारण मी शोधतो," नरेश बायकोला म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलाची. तो स्वतंत्र चल. तिच्यापायी जे बदलते, तो अवलंबी चल. आपण जागा बदलू अन् दही किती घट्ट होते ते पाहू!"

"मी दही लावून राहिली का परीक्षा देऊन राहिली?"

नरेशने चार वाट्या घेतल्या. दूध तेच, विरजण तेच. एक वाटी इन्व्हर्टरवर, एक गव्हाच्या कोठीत, एक कूलरसमोर आणि एक थेट बाथरूमच्या खिडकीत!

सकाळी पाहतो तर चारही वाट्या ओट्यावर मांडलेल्या, आणि सगळ्यांत दही असं की वाटी उलटी केली तरी हलेना! आईने गोळा करून ठेवल्या असतील, एवढाच विचार त्याने केला.

"सिद्ध झालं! जागेचा काही संबंधच नाही!"

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मोनाली विरजण लावलेल्या दुधाचं मोठं पातेलं गोधडीत गुंडाळू लागली.

"कायले गुंडाळतं? कूलरसमोर राहू दे. सकाळी तिथूनच ऑटोत चढवू!"

सकाळी पातेल्यात दूध! पातळ, थंडगार दूध! तेवढ्यात नरेशची आई मैनाबाई उतई गावातल्या बहिणीकडून परतली. तिने झाकण उचललं.

"कुठं ठेवलं होतं रे?"

"कूलरसमोर. फरक नाही पडत, आई. त्या चार वाट्या पाहिल्या न तुनं?"

"पोट्ट्या, त्या रात्रीच मी चारही गव्हाच्या कोठीत ठेवल्या होत्या! वाऱ्यावर दही लागते का कुठं?"

नरेशने पातेलं उचललं. "काही टेन्शन नाही. मंडपात नेऊ. उन्हात तासाभरात लागते!"

मिरवणूक आली. वस्तीतले सर्वांत वडीलधारे भय्याजी रिकामा ग्लास घेऊन पुढे झाले.

"मठ्ठा कुठं आहे, मोनाली?"

मोनालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उत्तर नरेशनेच दिलं, "प्रयोग चालू आहे, भय्याजी!"

लोक साधं पाणी पिऊन घरी गेले. मंडप रिकामा झाला, खुर्च्या उचलल्या, आणि मग दही लागलं. काय लागलं म्हणता! चमचा उभा राहावा असं!

"पाहा! मी म्हणत होतो न!" नरेश ओरडला.

"हो न," मोनालीने डोळे पुसत झाकण लावलं. "आता हे सारं तुम्हीच संपवाचं."

तेव्हापासून नरेशच्या डब्यात रोज कढी असते. पोटाला थंड असते, असं तो लॅबमध्ये सगळ्यांना सांगतो.